नापास कासवीण

माझ्या तोंडाची साक्रीत सगळ्यांना धास्ती आहे, हे आधीच सांगून टाकते. बाजारपेठेत बांगड्यांचं दुकान चालवायचं म्हणजे तोंड लागतंच. बायका अर्धं दुकान खाली उतरवून बघतात आणि ‘उद्या येते’ म्हणून चालू लागतात. पोरं काचेच्या कपाटाला टेकून उभी राहतात, नाहीतर पायरीवर ठाण मांडतात. यांना गप्प बसून कसं हाकलणार? म्हणून मी बोलते, आणि मोठ्यानं बोलते. ‘ऊठ रे, पायरी काय तुना बापनी शे का?’ हे तर दिवसातून कितीदा तोंडातून निघतं, मलाही कळत नाही. नाव दिपमाला, पण ते रेशनकार्डावर. बाकी लहानथोर सगळे मला अक्का म्हणतात.

माझ्या दुकानाला लागून, मध्ये फक्त एक पत्रा, असं नजीरभाईंचं दुकान. आता तिथं मोबाईलची कव्हरं आणि चार्जर लटकलेले असतात, पण पूर्वी ती सीडीची लायब्ररी होती. लोक संध्याकाळी सिनेमा भाड्यानं न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणून द्यायचे. मागच्या दोन खोल्यांत नजीरभाईंचा संसार. बायको साबेरा आणि मुलगी निलोफर, एकुलती एक.

नजीरभाईंचं आणखी एक काम होतं, आणि मला सांगायचं आहे ते त्याबद्दलच. धुळ्याला मिश्रीलालशेठ नावाचे एक मारवाडी व्यापारी होते. बाहेरदेशीचं एखादं लहान पोरांचं कार्टून हक्क घेऊन आणायचं, त्याला अहिराणी बोलणं चिकटवायचं आणि त्याच्या सीड्या नंदुरबारपासून भुसावळपर्यंत पोचवायच्या, हा त्यांचा धंदा. पण छापायला टाकण्याआधी पहिला नमुना साक्रीला नजीरभाईंकडे यायचा. नजीरभाई ‘चालीन’ म्हणाले की शेठ छापायला मोकळे. ‘चालाव नही’ म्हणाले की तो विषय तिथंच संपला. शेठ मोठा तापट माणूस, पण या बाबतीत नजीरभाईंपुढं हूं की चूं करायचे नाहीत, कारण त्यांचं म्हणणं तोवर खोटं पडलं नव्हतं.

आता यांची पारखायची तऱ्हा ऐका. गल्लीतली पोरं गोळा करायची, चटईवर बसवायची, प्रत्येकाच्या ओंजळीत मुरमुरे घालायचे आणि सिनेमा लावायचा. स्वतः मात्र टीव्हीकडे पाठ करून पोरांसमोर स्टुलावर बसायचे आणि त्यांच्या पायांकडे बघत राहायचे. तोंडाकडेसुद्धा नाही. मी एकदा म्हटलं, “अहो नजीरभाई, सिनेमा तिकडं आहे.” तर म्हणाले, “अक्का, तोंड खोटं बोलस. मोठा माणूस समोर बठेल शे म्हणून पोर हासस. पाय खोटा बोलत नही.” पोराचा पाय थांबला, बोटं आत वळली, की सिनेमानं पोर धरलं. एक पाय दुसऱ्याला खाजवायला लागला, टाच आपटायला लागली, की पोर मनानं उठून गेलं. कानावर पडेल तेवढंच ते ऐकायचे आणि पडदा कधीच बघायचे नाहीत. पडदा बघितला की माणूस स्वतःच्या आवडीवर जातो म्हणायचे. मला हे खूळ वाटायचं, आणि मी ते त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

जी सीडी नापास व्हायची तिच्यावर ते काळ्या मार्करनं फुली मारायचे आणि दुकानाच्या दारावर तारेला अडकवून ठेवायचे. भादव्यात बाजरी दाण्यात आली की डोंगराकडच्या खेड्यांतले शेतकरी आठवडी बाजाराला येताना त्या मागून न्यायचे. शेतात दोरीला बांधल्या की त्या वाऱ्यानं फिरतात, उन्हात चमकतात आणि पाखरं बिचकतात. शेठची एवढी मेहनत अशी बाजरीवर लटकायची.

निलोफरला आम्ही निलू म्हणायचो. शाळेतून आली की दप्तर घरी टाकायची आणि थेट माझ्या गल्ल्याशेजारी येऊन बसायची. बारीक चणीची, डोळ्यात सतत काहीतरी शिजत असलेली पोर. नकला करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. शाळेचे हेडमास्तर, भोंग्यावरून दातांचं औषध विकणारा, एसटीचा कंडक्टर, कुणालाही ती सोडायची नाही. माझीही हुबेहूब नक्कल करते असं बायका सांगायच्या. मी कान पिळून विचारलं की ‘अल्ला कसम, नही अक्का’ म्हणून पळायची. माझ्यासमोर तिनं ती कधी करून दाखवली नाही.

बारावी झाल्यावर ती शिवण शिकायला धुळ्याला फुफीकडे, म्हणजे नजीरभाईंच्या बहिणीकडे, राहिली. फुफीचा मुलगा अतिक. एका खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकून तो मिश्रीलालशेठच्या कार्टूनांना आवाज भरायचं काम करायचा. त्या वेळी त्याच्याकडे ‘समिंदरनी वाट’ नावाचा एक सिनेमा होता. एका चिमुकल्या खेकड्याचं खडकातलं घर भरतीत वाहून जातं आणि ते शोधायला तो अख्खा समुद्र पालथा घालतो. वाटेत त्याला एक म्हातारी कासवीण भेटते. ती त्याला पाठीवर घेते आणि वाटभर त्याच्यावर खेकसत राहते. कासविणीचा आवाज द्यायची बाई ऐन वेळी आली नाही, तेव्हा निलू म्हणाली, मी देते.

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. नजीरभाईंना नाही, साबेराला नाही आणि मलाही नाही. निलूनं अतिककडून वचन घेतलं होतं. तिला जळगावचं स्थळ येऊन गेलं होतं आणि घरात होकाराचीच बोलणी चालली होती. तिला लग्न नको होतं असंही नाही, पण त्याआधी हे काम करायचं होतं. ती अतिकला म्हणाली होती, “अब्बांनी पास केली की मी त्यांना सांगीन, ही मी आहे. मग ते मला नाही म्हणणार नाहीत. पण आधी सांगायचं नाही. आधी सांगितलं तर लाडानं पास करतील, आणि तसलं पास मला नको.” बापावर एवढा विश्वास होता पोरीचा. बापाचं काम तिला जितकं कळलं होतं तितकं आम्हाला कुणाला कळलं नव्हतं.

नमुना आला तो नेमका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. सकाळीच शेठचा फोन, की पोरांना सुट्टी लागली, मुंबईला छापखान्यात उद्याची जागा मिळाली आहे, आज संध्याकाळपर्यंत काय ते कळवा. मी नजीरभाईंना म्हटलं, “आज नका. आखाजीच्या दिवशी पोरांचं चित्त थाऱ्यावर असतं का? समोर निंबाला झोके बांधलेत.” ते म्हणाले, “पोरं ती पोरंच, अक्का. सिनेमा चांगला ऱ्हायना ते झोका बी इसरी जातीन.” माझं न ऐकायची त्यांची सवय जुनीच. त्यांनी आंबे देतो म्हणून पोरांना झोक्यावरून ओढून आणलं आणि चटईवर बसवलं.

आखाजी म्हणजे माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. सासरी गेलेल्या साऱ्या लेकी माहेरी आलेल्या असतात आणि एकेकीला हातभर बांगड्या हव्या असतात. त्या दिवशी मी एका नव्या नवरीच्या हातात हिरवा चुडा भरत होते. आता एक गोष्ट लक्षात ठेवा. चुडा भरताना मी बोलत नाही. काच फुटली तर बायका अपशकुन मानतात, म्हणून मी दातावर दात धरून बसते आणि एकेक बांगडी अंगठ्यावरून सरकवते. दिवसभरात माझं तोंड बंद असतं ते तेवढ्याच वेळी.

आणि नेमका त्याच वेळी नजीरभाईंनी पलीकडून पत्र्यावर हात आपटला. “अक्का, जरा धीरे बोल ना. आठे परीक्षा चालू शे.”

मी चकार शब्द बोलले नव्हते. समोर बायका खी खी हसायला लागल्या. हातातली बांगडी चढवून झाली आणि मग मी जे तोंड सोडलं ते सगळ्या बाजारानं ऐकलं. गप्प असले तरी मलाच गप्प करायचं म्हणजे काय, असं मी पत्र्याला सुनावलं. पलीकडे कुणीतरी बाई खेकसत होती हे माझ्याही कानावर आलं होतं. म्हटलं, असतील सिनेमातही माझ्यासारख्या तोंडाळ बायका. एवढ्यात नजीरभाईंच्या दुकानातून पोरं धूम पळत सुटली आणि थेट झोक्यावर जाऊन लोंबकळली. एकाची चप्पल माझ्या पायरीवर राहिली.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं, कारण चप्पल द्यायला म्हणून मी त्यांच्या दाराशी गेले होते. टीव्हीवर निळं निळं पाणी हलत होतं. सुट्टीला धुळ्याहून घरी आलेली निलू आतल्या खोलीच्या पडद्याशी उभी होती, हातात पोरांसाठी आणलेला पाण्याचा जग. नजीरभाई फोनवर शेठना सांगत होते, “नही शेठ, चालाव नही. म्हातारी कासवीण येताच पोरं उठून पळाली. ती बाई सगळा सिनेमा बुडवस.”

फोन ठेवल्यावर निलू म्हणाली, “अब्बा, पूरा तो देखो. एक बार पडदे की तरफ देखो.”

“मी पडदा बघत नसतो बेटा, माहीत आहे ना तुला.” त्यांनी मार्कर काढला, फुली मारली आणि सीडी तारेला अडकवली. निलूनं जग टेबलावर ठेवला आणि आत गेली. मला वाटलं, पोरगी उन्हानं कावली असेल. मी चप्पल ठेवून माझ्या गिऱ्हाइकांकडे परत आले.

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. अतिकला फोनवर एवढंच म्हणाली, “नापास झाले, आता विषय बंद.” ईदनंतर जळगावचे लोक आले आणि ती मान खाली घालून हो म्हणाली. भादव्यात पिंपळनेरच्या पुढच्या खेड्यातले हिलालआबा नेहमीसारखे सीड्या मागायला आले. तेव्हा नजीरभाई गिऱ्हाइकात होते. ते म्हणाले, “निलू, आबाले दे काढी.” ती स्टुलावर चढली. सगळ्या सीड्या भरभर काढल्या आणि एक हातात धरून जरा वेळ उभी राहिली. मी माझ्या पायरीवरून ओरडले, “अगं, पडशील.” तेव्हा तिनं तीही आबांच्या पिशवीत टाकली. थंडीत लग्न झालं. बिदाईच्या वेळी मी तिला माझ्या हातानं चुडा भरला.

जळगावची माणसं वाईट नव्हती, हे सांगायला हवं. तिसऱ्या वर्षी निलूला दिवस गेले आणि त्यातच कावीळ झाली. त्यांनी धावपळ केली, दवाखाने केले, नजीरभाई तिकडंच मुक्कामाला होते. पण पोटातलं बाळ आधी गेलं आणि पाठोपाठ ती गेली. नजीरभाई परत आले तेव्हा त्यांच्या हातात तिच्या कपड्यांची पिशवी होती, आणि ती त्यांनी माझ्या गल्ल्यावर ठेवली. स्वतःच्या घरात न्यायचं धाडस झालं नाही. मला रडायला जमत नाही लवकर. त्या दिवशी मी सगळ्या गिऱ्हाइकांवर ओरडले आणि शेवटी दुकान बंद केलं.

त्यानंतर साबेराला एकच ध्यास लागला. तिला पोरीचा आवाज ऐकायचा होता. म्हणायची, चेहरा फोटोत आहे, पण आवाज विसरायला लागले. फोन तेव्हा सगळ्यांकडे बटणांचे, त्यात काही साठवलेलं नव्हतं. लग्नाची शूटिंग होती, ती लावून बघितली. तीत निलूचे ओठ हलतात, पण शूटिंगवाल्यानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाणी टाकून ठेवलेली. साबेरा टीव्हीजवळ कान लावून बसायची, गाण्याच्या मागून एखादा शब्द येतो का म्हणून. नजीरभाई तिला उठवायचे आणि मग स्वतः तिथं बसायचे.

निलू जाऊन चाळीस दिवस झाले, त्या चाळिसाव्याला अतिक आला. फातेहा झाल्यावर सगळे उठले, हा मात्र जागचा हलेना. मग त्यानं सगळं सांगितलं. खेकडा, कासवीण, वचन, आणि ‘तसलं पास मला नको’ हे वाक्यसुद्धा. नजीरभाई भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांनी विचारलं, “तुझ्याकडे ते आहे ना?” अतिक म्हणाला, नाही. नापास झालेल्या कामाचा काही उपयोग नव्हता, त्यानं कॉम्प्युटरमधून पुसून त्या जागी दुसरं भरलं होतं. शेठनीही धंदा बंद करून मुलाकडे बिऱ्हाड हलवलं होतं. एकच नमुना निघाला होता, आणि तो साक्रीला आला होता.

कुणी काही बोलायच्या आत मी म्हटलं, “हिलालआबा.” ती स्टुलावर उभी असलेली मला दिसली होती ना.

दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून आम्ही निघालो. नजीरभाई, साबेरा आणि मी. भादवाच होता, बाजरी कमरेच्या वर आलेली, कणसं भरलेली, आणि शेताभर दोऱ्यांना सीड्या फिरत होत्या. हिलालआबा बांधावर बसले होते. मीच त्यांना सगळं सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि उठून पहिल्या दोरीला हात घातला.

नजीरभाई म्हणाले, “आबा, फक्त बघून घेतो आम्ही. बाकीच्या राहू द्या, पाखरं खातील.”

“खातीन ते खातीन,” आबा म्हणाले. “तुनी पोर कोनत्या सीडीमा शे, तुले तरी कोठे माहीत शे? बठ्ठ्या लई जाय.” आणि त्या म्हाताऱ्यानं घरच्या सगळ्यांना हाक मारून अख्खं शेत उघडं केलं. आम्ही निघालो तेव्हा चिमण्या उतरायलाही लागल्या होत्या. त्यांच्याकडे न बघता ते आमच्या रिक्षात पिशवी ठेवत होते.

बरं झालं की आबा दर वर्षी सुगी झाली की सीड्या उतरवून बियाण्याच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. नाहीतर उन्हानं त्यांचा नुसता कागद झाला असता. तरीही फुलीशिवाय कशावर काही उरलं नव्हतं, आणि फुली सगळ्यांवरच होती. नजीरभाईंच्या स्वतःच्या हातची. माळ्यावरून जुना प्लेअर काढला, आणि ते एकेक सीडी टूथपेस्ट लावून मऊ फडक्यानं पुसू लागले, मधून बाहेर, मधून बाहेर. ओरखडे बुजवायची ही त्यांची जुनी युक्ती. पुसायची, घालायची, प्लेअर घरघर करायचा आणि सीडी बाहेर टाकायचा. कुठं भलतंच कार्टून लागलं, कुठं त्यातलं अर्धंच गाणं. साबेरा दर वेळी पुढं सरकायची आणि पुन्हा मागं व्हायची. मी दुकान बंदच ठेवून तिच्याजवळ बसले होते.

आणि मग पडद्यावर निळं पाणी आलं.

चित्राचे चौकोन चौकोन होत होते. खेकडा अर्धा दिसायचा, अडकायचा, भलतीकडेच उगवायचा. नजीरभाई या वेळी पडद्याकडे तोंड करून बसले होते, इतक्या वर्षांत मी त्यांना तसं बसलेलं पहिल्यांदा पाहिलं. खडक गेला, भरती गेली, आणि पाण्याच्या तळातून ती म्हातारी कासवीण हलत हलत वर आली. साबेरानं माझा हात गच्च धरला. कासविणीनं तोंड उघडलं.

“चाल रे, काय बठी ऱ्हायना? समिंदर काय तुना बापना शे का?”

साबेरा माझ्याकडे वळून बघायला लागली. तिनं हात सोडला आणि म्हणाली, “ये तो अक्का है.”

मीच होते. माझा घोगरेपणा, माझं हेल काढून बोलणं, वाक्याच्या शेवटी जीभ टाळूला लावून काढलेला तो चक् आवाजसुद्धा. कासवीण खेकड्याला शिव्या देत होती, दम भरत होती, मध्येच धापा टाकत होती, आणि सगळं माझं. निलूचं त्यात काहीच नव्हतं. एक शब्द नाही, एक हसू नाही. पोरीनं इतकं चोख काम केलं होतं की स्वतःला तिनं त्यात कुठं उरूच दिलं नव्हतं.

“निलू कोठे शे यामा?” नजीरभाई पडद्याला विचारत होते. “निलू कोठे शे?”

कासवीण बोलत राहिली. मग ते हळूच माझ्याकडे वळले. “अक्का, त्या दिवशी मी पत्र्यावर हात मारला. तेव्हा तू बोलत नव्हतीस ना?”

“मी चुडा भरत होते,” मी म्हटलं.

म्हणजे ‘धीरे बोल’ म्हणून त्यांनी गप्प केलं होतं ते निलूला. पोरं झोक्यापायी पळाली, की अक्का आली म्हणून घाबरून पळाली, हे आता कुणाला विचारणार? त्या पोरांना माझ्या आवाजाची तशीच सवय होती, आवाज आला की उठायचं. नजीरभाईंनी पाय बरोबर बघितले होते. पाय खोटं बोलले नव्हते. आणि आतल्या दाराशी पाण्याचा जग घेऊन उभी असलेली पोर बापाच्या तोंडून ऐकत होती, की ती बाई सगळा सिनेमा बुडवते. हे आठवलं की अजूनही मला त्या दिवसाचा, त्या झोक्यांचा, शेठच्या त्या फोनचा असा संताप येतो की काय सांगू.

सीडी त्यांनी आणखी थोडे दिवस लावली. साबेरा एकदाच बसली, पुन्हा बसली नाही. तिला तिची मुलगी हवी होती, शेजारीण नको होती, आणि मी त्यात तिला काय दोष देणार? नजीरभाई मात्र रोज लावायचे. दर खेपेला खेकडा जास्त अडकायचा, कासविणीची वाक्यं तुटायची. एके सकाळी प्लेअरनं नुसतीच घरघर केली आणि सीडी बाहेर ढकलली. टूथपेस्ट लावून झाली, फडकं फिरवून झालं. अतिक येऊन धुळ्याला घेऊन गेला आणि तशीच परत घेऊन आला.

त्यानंतर काही दिवस गेले, आणि नजीरभाई माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. रस्त्याकडे तोंड, माझ्याकडे पाठ. मला वाटलं, वाऱ्याला बसले असतील. मी चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही. मान न वळवता म्हणाले, “अक्का, काही बोल ना.”

“काय बोलू?”

“नेहमी बोलस तेच.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. जन्मभर ज्या तोंडावर मी पोट भरलं, ते उघडेना. माझ्याकडे बघितलं तर त्यांना मी दिसणार, साठी ओलांडलेली तोंडाळ कासारीण. पाठ केली की फक्त आवाज उरतो, आणि तो आवाज जसा माझा, तसाच तिचा. पाठ करून बसायची सवय तर त्यांना जन्माचीच.

आता रोज येतात. बाजार उठायच्या वेळी दुकानाला कुलूप लावतात आणि पायरीवर बसतात. बायका म्हणतात, अक्का हल्ली गिऱ्हाइकांवर ओरडत नाही, मवाळ झाली. झाले नाही काही. दिवसभरात एकदाच ओरडायचं असतं, तेवढ्यासाठी राखून ठेवते. मला माझा आवाज आता ऐकवत नाही, पण त्यांनी मागितल्यावर नाही कसं म्हणू? मी खाली वाकून बांगड्यांचे जोड बांधत बसते आणि जमेल तितक्या रागानं म्हणते, “ऊठ रे, काय बठी ऱ्हायना? पायरी काय तुना बापनी शे का?”

ते उठत नाहीत. मी त्यांच्या पायांकडे बघते. चपला काढून ठेवलेल्या असतात, बोटं आत वळलेली असतात, आणि पाय जरासुद्धा हलत नाही.